अर्जात नव्या हाताचं वचन देऊ का?

पत्र

मॅडम, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझी पीएचडी भेकाच्या बेडूकमाशांवर आहे. पिल्लू अगदी लहान असताना त्याचा मागचा पाय कापला तर तो पुन्हा येतो. तेच पिल्लू थोडं मोठं झाल्यावर कापला तर येत नाही. असं का होतं, एवढाच माझा प्रश्न आहे. आता केंद्र सरकारच्या अनुदानासाठी पहिल्यांदाच अर्ज करते आहे. विभागातले ज्येष्ठ सर म्हणतात, ‘बेडूकमाशाचा पाय’ असं लिहिलंस तर कोण पैसे देईल? ‘अपघातात हात गमावलेल्यांना पाच वर्षांत नवा हात’ असं लिही.

माझ्या अण्णांचा उजवा हात मी बी.एस्सी.ला असताना कडबाकुट्टीत गेला, मनगटाच्या थोडा वर. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी विचारलं, “म्हणजे माझा येईल का गं?” मला उत्तर सुचलं नाही. आणि रात्री असंही वाटतं, लाखो रुपये बेडकांवर घालायचे, तेवढ्यात किती जणांना कृत्रिम हात बसवून मिळाले असते. हे काम मी करावं का? अर्जात काय लिहावं?

— एक सहायक प्राध्यापिका

उत्तर

काम करा, अर्जही करा. पण ‘पाच वर्षांत नवा हात’ हे वाक्य लिहू नका. अर्जात नको, गोषवाऱ्यात नको, आणि प्रोजेक्ट मिळाल्यावर कॉलेज वर्तमानपत्राला जी बातमी देईल तिच्यात तर मुळीच नको.

सरांचा हेतू चांगला आहे. चार मंजूर अर्ज आणि चाळीस नामंजूर अर्ज पाहिलेला माणूस असंच सांगतो. पण तुमचा अर्ज वाचणारे याच विषयातले असतात. सॅलॅमँडरवर (पालीसारखा दिसणारा उभयचर, त्याचे तुटलेले पाय परत येतात) आयुष्य काढलेल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही माणसाचं एक अख्खं बोट उगवता आलेलं नाही, हे त्यांना पाठ असतं. अशा समित्यांवर मी बरीच वर्षं बसले आहे. एकेका प्रस्तावाच्या वाट्याला थोडी मिनिटं येतात आणि अनुभवी वाचक आधी उद्दिष्टांचं पान उघडतो, मग थेट खर्चाचा तक्ता. उद्दिष्टात माणसाचा हात, आणि तक्त्यात एक जेआरएफ (कनिष्ठ संशोधक), एक स्टिरिओमायक्रोस्कोप, सहा टाक्या आणि रसायनं. हे पाहिलं की त्याचा विश्वास उडतो. मग पुढे तुमचा प्रश्न कितीही सुंदर असो, तो संशयानेच वाचला जातो. उलट ‘हे पिल्लू मंगळवारी पाय परत आणू शकतं आणि पुढच्या मंगळवारी नाही, मधल्या आठवड्यात काय बदललं ते मला शोधायचं आहे’ असं कुणी लिहिलं, तर वाचणारा सरसावून बसतो. तोच प्राणी, तीच जनुकं, तोच पाय, आणि क्षमता मात्र डोळ्यांदेखत मावळते. पुनर्जननाच्या, म्हणजे गेलेला अवयव परत येण्याच्या, अभ्यासात याहून स्वच्छ प्रश्न फार थोडे आहेत, आणि तुमच्याकडे तो पावसाच्या पाण्यात फुकट येतो.

दुसरं कारण अण्णा. सरकारी पैशांतून होणाऱ्या कामाचा गोषवारा कुणालाही वाचता येतो. तो वाचणाऱ्यांत हात गमावलेली माणसं असतील, त्यांच्या घरचे असतील. समितीला पटवण्यासाठी लिहिलेलं वाक्य त्यांच्यापर्यंत आशा म्हणून पोचतं. ती आशा खोटी निघाली की माणूस फक्त तुमच्यावर चिडत नाही, तो संशोधनावरच चिडतो. आणि पुढच्या वेळी अशा कामाला पैसे द्यावेत का, असा प्रश्न आला की त्याचं मत आधीच ठरलेलं असतं.

अंतर किती आहे ते नीट पाहू. अण्णांना सांगायलाही तुम्हाला हे लागेल. ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला सॅलॅमँडर. त्याचा पाय तुटला की काही तासांत कडेची त्वचा सरकत येऊन जखम झाकते. आपल्यासारखा घट्ट व्रण तिथे होत नाही. त्या त्वचेखाली मज्जातंतू वाढत येतात आणि आसपासच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून गोळा होतात. बोथट कोंब दिसू लागतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. मज्जातंतू मधेच तोडले तर हा कोंब वाढत नाही, हे मार्कस सिंगर यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. नंतर कोंब चपटा होतो, त्यात बोटांच्या खुणा उमटतात आणि लहान प्राण्यात दोनेक महिन्यांत हाडं, स्नायू, नसा यांच्यासह पाय पुरा होतो. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते मोजमाप. मनगटाशी कापलं तर फक्त पंजा येतो, खांद्याजवळ कापलं तर दंडापासून पुढचं सगळं येतं. गेलं तेवढंच येतं, कमी नाही आणि जास्त नाही. लाझारो स्पालान्झानी यांनी सॅलॅमँडरचे पाय पुन्हा येतात असं १७६८ मध्ये लिहून ठेवलं. त्यानंतर अडीचशे वर्षं माणसं याच कोंबाकडे पाहत आहेत.

आपल्याकडेही त्याचा एक पुसटसा अंश आहे. शेफील्डच्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्ये नोंदवलं की लहान मुलांच्या बोटाचं टोक शेवटच्या सांध्याच्या पुढे तुटलं आणि जखम शिवून बंद न करता स्वच्छ झाकून ठेवली, तर टोक नखासकट पुन्हा भरून येऊ शकतं. सांध्याच्या मागे तुटलं तर येत नाही. म्हणजे शरीराला हे अगदीच अनोळखी नाही, पण नखाच्या मुळापासून मनगटापर्यंतचा रस्ता अजून कुणाला सापडलेला नाही.

त्या रस्त्यावर वचन देऊन, मुदत घालून पैसे ओतले गेलेच नाहीत असंही नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून हातपाय गमावलेले सैनिक घरी येत होते, त्या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या विषयाला मोठी अनुदानं दिली. २००८ मध्ये तुलेन विद्यापीठाचे केन मुनिओका आणि कॅलिफोर्नियातले त्यांचे सहकारी यांच्या गटाला सुमारे साडेबासष्ट लाख डॉलर मिळाले. नजर माणसाच्या बोटावर होती. माणसाचं बोट आलं नाही. पण ते पैसे वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही. मुनिओकांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या ज्या बोटातून काहीच उगवत नाही तिथे बीएमपी-२ या प्रथिनाने हाड वाढवून दाखवलं आणि २०१९ मध्ये बीएमपी-९ ने सांध्यासारखी रचनाही घडवली. तुटल्या जागेच्या पेशी मुक्या नसतात, त्यांना योग्य वेळी योग्य संकेत हवा असतो, हे त्यातून कळलं. पाच वर्षांच्या मुदतीवर मोजलं तर हे अपयश दिसेल. प्रश्नावर मोजलं तर ही मोठी मजल आहे. कोणत्या मापाने मोजलं जायचं, ते अर्जदार स्वतःच्या पहिल्या पानावर ठरवून टाकतो. तुम्ही ते जपून ठरवा.

आता तुम्हाला एक आपल्याकडची गोष्ट सांगते. तुमच्या विषयात असून ती तुम्हाला कुणी नीट सांगितली नसेल, अशी मला शंका आहे. जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र विभागात आय. ए. नियाझी बेडूकमाशांच्या पुनर्जननावर काम करत. त्यांनी आणि एस. सक्सेना यांनी भेकाच्या बेडूकमाशांचे मागचे पाय कापून पिल्लांना जीवनसत्त्व अ जास्त असलेल्या पाण्यात ठेवलं. गेलं तेवढंच येतं, हा नियम तिथे मोडला. कापल्या जागेच्या वरचे जे भाग शाबूत होते, तेही कोंबातून पुन्हा तयार झाले. हा निबंध १९७८ मध्ये पोलंडच्या एका नियतकालिकात आला. पुढे १९८२ मध्ये इंग्लंडच्या माल्कम मेडन यांनी ॲक्सोलॉटलबाबत हेच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. मनगटाशी कापलेल्या पायातून दंड, कोपर, मनगट, पंजा असा आख्खा पाय. आणि १९९२ मध्ये पुन्हा ‘नेचर’मध्ये, या वेळी भुवनेश्वरहून, उत्कल विद्यापीठाच्या प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. बलून फ्रॉग नावाच्या बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापून त्याला जीवनसत्त्व अ दिलं, तर शेपटीच्या जागी पाय उगवले. या बाई ओडिसीच्या नामवंत नर्तिकाही होत्या आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पावसाळी डबक्यातलं पिल्लू, राज्य विद्यापीठाचा विभाग आणि जगाला थांबून पाहायला लावणारा निष्कर्ष. हे आपल्याकडे घडलेलं आहे, आणि सरकारी विद्यापीठांत घडलेलं आहे.

धागा तिथे तुटला नाही. २०२५ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात जेम्स मोनाहन यांच्या गटाने ॲक्सोलॉटलच्या पायाला ‘मी खांद्यापासून किती लांब आहे’ हे कसं कळतं, त्यातला एक मोठा दुवा उलगडला. जीवनसत्त्व अ पासून बनणारं रेटिनॉइक आम्ल खांद्याकडे जास्त, पंजाकडे कमी असतं, आणि हा फरक मुख्यतः ते मोडून टाकणाऱ्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) पडतो. पंजाकडे ते विकर जास्त असतं. ते बंद पाडलं की मनगटाच्या कोंबाला आपण दंडाशी आहोत असं वाटतं. जयपूरच्या निरीक्षणापासून इथपर्यंत ४७ वर्षं गेली. १९७८ मध्ये कुणी नियाझींना ‘याचा माणसाला उपयोग काय, पाच वर्षांत सांगा’ असं विचारलं असतं, तर प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच असतं. आणि त्या उत्तरावर पैसे नाकारले असते, तर बॉस्टनच्या माणसांना पुढे विचारायला प्रश्नच उरला नसता.

(हे अण्णांना वाचून दाखवणार असाल तर एक सांगा. जीवनसत्त्व अ च्या गोळ्यांनी माणसाचा हात येत नाही, आणि जास्त मात्रेने यकृताला इजा होते. कुणीही त्या आणू नयेत.)

असं काम सरकारनेच का करायचं, याचंही उत्तर इथे आहे. बेडूकमाशाच्या प्रश्नातून विकायला काही निघत नाही, म्हणून कंपनी त्यात पैसा घालणार नाही. केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तो पैसा मुख्यतः खासगी क्षेत्राला, बऱ्याच पुढच्या टप्प्यावर पोचलेल्या तंत्रज्ञानासाठी, कमी व्याजाच्या किंवा बिनव्याजी कर्जांसारख्या रूपात आहे. तुमच्यासारख्या पहिल्या पायरीवरच्या प्रश्नाला तो लागू नाही. तुमचं दार वेगळं आहे: २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. तिथे नव्या अध्यापकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. वयाची आणि नेमणुकीची अट आहे, ती आधी वाचा. अमेरिकेतही या विषयाचा पाया अशाच अनुदानांवर उभा आहे. केंटकी विद्यापीठात सरकारी पैशांवर ॲक्सोलॉटलचा मोठा साठा जोपासला जातो आणि तिथून प्रयोगशाळांना प्राणी आणि भ्रूण पाठवले जातात. टाक्या धुणं, पाणी बदलणं, वंशावळी लिहून ठेवणं, असं काम. त्याची बातमी होत नाही, पण ते थांबलं तर कितीतरी प्रयोग थांबतील.

रात्री झोप उडवणारा तुमचा हिशेब मात्र मला झटकून टाकायचा नाही. लाखो रुपये म्हणजे खरंच किती तरी हात. पण तुम्ही अर्ज केला नाही म्हणून ते पैसे कृत्रिम हातांकडे जाणार नाहीत, ते दुसऱ्या प्रस्तावाला जातील. कृत्रिम अवयवांचा पैसा सामाजिक न्याय मंत्रालयाच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून येतो, कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ते अवयव बनवते. तिजोरी वर कुठेतरी एकच आहे हे खरं. पण आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. अण्णांसारख्यांच्या वाट्याचं कुणी खात असेल तर ते बेडूकमासे नव्हेत. ही दोन कामं एकमेकांविरुद्ध उभी करू नका. हात गमावलेल्या माणसाला आज पकड हवी आहे आणि पन्नास वर्षांनी जन्मणाऱ्याला कदाचित आणखी काही मिळेल. दोन्ही मागण्या रास्त आहेत.

म्हणून अण्णांसाठी आज जे होण्यासारखं आहे ते आधी करा. त्यांना हात बसवला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला चौकशी करा. १९४४ मध्ये सैनिकांसाठी सुरू झालेल्या या केंद्रात सर्वसामान्य नागरिकांनाही घेतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे गेल्यावर अण्णांना स्वतः बोलू द्या. दिसायला हुबेहूब असा पंजा हवा, की विळा, दोरी, बादली धरता येईल असा हुक हवा, हे शेतकरी माणूस डॉक्टरांपेक्षा चांगलं सांगतो. मी पाहिलं आहे, चुकीचा दिलेला हात आठ दिवसांत खुंटीला लागतो. हाताचं प्रत्यारोपणही भारतात २०१५ पासून होतं, पहिलं कोचीला झालं. पण त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, तेव्हा त्याचा विचार सगळं समजून घेऊनच करा.

आणि त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. “अण्णा, माझ्या कामातून तुमचा हात येणार नाही. लहान पिल्लाला जे जमतं ते मोठ्याला का जमत नाही, तेवढं मी शोधतेय.” शेतकऱ्याला हे कळतं. कोवळा ऊस आणि जून ऊस यांत फरक असतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही त्यांना लहान मूल समजून गोड बोललात तर त्याचा त्रास त्यांना जास्त होईल.

अर्जाचं पहिलं वाक्य तुमचा प्रश्न असू द्या. दुसऱ्यात जयपूरचं १९७८ चं काम येऊ द्या. आपल्या मातीतला धागा पुढे नेतो आहोत हे दाखवणं ही फुशारकी नाही, ती परंपरा आहे आणि ती तुमची आहे. अर्जात ‘समाजाला उपयोग’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. तिथे ‘व्रण होऊन जखम भरणं आणि मूळ ऊती परत येणं, या दोन वाटा कुठे फुटतात ते समजायला या कामाची मदत होईल’ अशा अर्थाचं लिहा. हे खरं आहे, आणि मोठंही आहे. वर्षांची मुदत घालायची असेल तर ती प्रयोगांना घाला: पहिल्या वर्षी कोणत्या दिवसापर्यंत पाय येतो ते नक्की करू, दुसऱ्या वर्षी त्या दिवसाच्या अलीकडच्या-पलीकडच्या कोंबांतली जनुकं तपासू. सगळी उपकरणं मागू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा आणि झेब्राफिशवर पुनर्जननाचं काम होत आलं आहे. तिथल्या कुणाला तुमचा प्रश्न पत्राने कळवा, सूक्ष्मदर्शकावर वेळ मिळतो का विचारा. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या नेमक्या प्रश्नाला लोक उत्तर देतात.

वेळापत्रक मात्र पावसाचं ठेवा. शहरातल्या समितीला हे सुचत नाही, म्हणून तुम्हीच लिहायला हवं. भेक पहिल्या पावसानंतर अंडी घालतो, जेलीच्या लांब दोऱ्यांत काळे ठिपके. पिल्लांचे मागचे पाय कापण्याजोगे असतात ते त्यानंतर थोडेच दिवस. मंजुरीचं पत्र दिवाळीत आलं, पहिला हप्ता त्याहून उशिरा, मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची खरेदी, मग जेआरएफची जाहिरात आणि मुलाखती. तोवर डबकी आटलेली असतात आणि मार्चअखेर यूसी, म्हणजे पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र, मागितलं जातं. एक आख्खा हंगाम गेला की ३ वर्षांतला एक तृतीयांश गेला. तेव्हा पहिले महिने खरेदी, भरती आणि जुन्या नमुन्यांवर पद्धती बसवण्यासाठी राखून ठेवा आणि ‘हा प्रयोग जून ते ऑगस्टमध्येच शक्य आहे’ हे कारणासह स्पष्ट लिहा. कॉलेजच्या लेखा विभागातल्या माणसाला अर्ज करण्यापूर्वीच भेटा. तुमचा प्रोजेक्ट चालणार की अडणार हे निम्मं त्याच्या टेबलावर ठरतं, आणि आधी विश्वासात घेतलेला माणूस अडवत नाही.

एक काम आजच करा. तुमच्या कॉलेजला प्राणी-प्रयोगांची नीतिमत्ता समिती नसेल तर जवळच्या फार्मसी कॉलेजात किंवा विद्यापीठात असते. तिची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि डबक्यातून अंडी आणायला वनखात्याची परवानगी लागते का, हेही लेखी विचारून घ्या. या बैठका वर्षातून थोड्याच होतात. ही एक चुकली, तर पैसे वेळेवर आले तरी यंदाच्या पावसात तुम्हाला एकाही अंड्याला हात लावता येणार नाही.